कुरआनची तिलावत आणि मेडिकलच्या गोळ्या

संपादक साहेब, सलाम आणि नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता, कुरआन पठणाच्या फ्रिक्वेन्सीने मेंदूच्या पेशी दुरुस्त होतात, डीएनए बदलतो, डिप्रेशन मुळापासून जातं आणि हे सगळं म्हणे 'विज्ञानाने सिद्ध झालंय'. लेख वाचून आमच्या गल्लीत सगळे खूश, दुपारपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला तोच फोटो, मला पण किती जणींनी पाठवला की बघ बघ पेपरात आलंय म्हणून. मी कर्नाटकातल्या सीमाभागातल्या निपाणीची, शाळा मराठी मीडियमची, घरात दखनी. दिवसभर मेडिकलमध्ये काउंटरला असते आणि मगरिबच्या म्हणजे संध्याकाळच्या नमाजनंतर घरात गल्लीतल्या पोरांना अरबी शिकवते. म्हणजे तुमच्या लेखातल्या दोन्ही टोकांशी माझा रोजचा संबंध येतो, त्यामुळं गप्प बसणं काय जमेना. पत्र लांब होणार आहे, कापायचं असेल तर कापा पण निम्मं छापून अर्थ उलटा करू नका.

आधीच सांगते, परिणाम होत नाही असं मी म्हणत नाहीये, होतो म्हणूनच तर लिहायलेय. पण लेखात ज्या पद्धतीनं मांडलंय, जणू त्या आवाजात कसला करंट आहे, मोबाईलवर लावून उशाला ठेवला की रात्रभर मेंदू आपोआप दुरुस्त होत बसतो, त्याला ना दीनमध्ये म्हणजे धर्मात आधार ना सायन्समध्ये. तिलावत म्हणजे कुरआनचं पठण, ती जिभेनं, श्वासानं आणि कानानं करायची मेहनत आहे. आपल्या मराठी वाचकाला मशिदीतनं आवाज रोज ऐकू येतो पण आत पोरं डुलत डुलत काय शिकतात हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पोरगं पाच-सहा वर्षांचं झालं की हातात नूरानी कायदा म्हणजे अरबीचं पहिलं पुस्तक येतं. पहिले कित्येक महिने फक्त हर्फ म्हणजे अक्षर कुठून निघतं तेवढंच, त्याला मखरज म्हणतात. सहा हर्फ नुसते घशातले, आणि घशात पण तीन जागा, तळ, मध्य आणि वरचा भाग. आपल्या जिभेला ह एकच माहीत, अरबीत छोटी हे घशाच्या तळातनं येते आणि बडी हे मधनं, पोरं दोन्ही एकच म्हणतात आणि मी परत परत म्हणवून घेते, शेजारच्या काकू म्हणतात काय गं पोरांना खोकायला शिकवतीस काय. मग मद, म्हणजे स्वर ओढायचा, तो पण मनाला येईल तितका नाही, कुठं दोन मात्रा, कुठं चार-पाच, कुठं सहा. गुन्ना म्हणजे नाकातला आवाज, तो दोन मात्रा धरायचा. कलकला पाच हर्फांना, तिथं आवाज उसळला पाहिजे. थांबायचं कुठं तेसुद्धा ओळीच्या वर बारीक अक्षरात छापलेलं असतं, छोटा मीम असला तर थांबायलाच पाहिजे, लाम-अलिफ असला तर थांबायचं नाही, आणि भलतीकडंच दम संपला तर जरा मागं जाऊन परत जोडून घ्यायचं. या सगळ्याला तजवीद म्हणतात. सूरह म्हणजे कुरआनचा अध्याय, त्यातल्या सूरह मुज्जम्मिलमध्ये स्पष्ट आलंय की कुरआन सावकाश, ठहर-ठहर के पढा, त्यालाच तरतील म्हणतात. म्हणजे पळवायचं नाही. (तराबीला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजला, काही ठिकाणी हाफिज साहेब, म्हणजे कुरआन तोंडपाठ असलेले, एक्सप्रेस गाडी सोडतात आणि मागं उभं राहणारे पण लवकर सुटलो म्हणून खूश असतात, तो विषय वेगळा, पण खटकतो.)

आता हे सगळं पाळून एक मोठी आयत म्हणजे कुरआनचं वचन पढायचं म्हटली की श्वासाचं काय होतंय बघा. दम सोडत सोडत पढायचं, मधेच श्वास घ्यायची मुभा नाही, थांबायच्या जागी एक श्वास, परत पुढची आयत. श्वास आपोआप लांब होतो आणि मिनिटातले श्वास कमी होतात. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला होता. 23 धडधाकट माणसं घेतली, त्यांना कधी ख्रिश्चनांची जपमाळ लॅटिनमधनं म्हणायला लावली तर कधी 'ओम मणि पद्मे हूं' हा बौद्धांचा मंत्र. दोन्ही वेळेला श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळायची शरीराची जी व्यवस्था असते तिचा प्रतिसाद सुधारला. एरवी बसल्या जागी आपण बारा ते वीस श्वास घेतो. श्वास सोडायचा वेळ लांबला की व्हेगस नावाची जी नस मेंदूपासून काळजापर्यंत जाते तिचं काम वाढतं आणि ठोके संथ होतात, हे डॉक्टरकीत नेहमीचं आहे. त्या अभ्यासात कुरआन नव्हता, पण तजवीदनं सावकाश पढणाऱ्याचं शरीरसुद्धा याच वाटेनं जात असणार असं मला वाटतं. आणि आमच्या गावात हरिपाठाला बसलेली माळकरी मंडळी टाळाच्या ठेक्यावर एका दमात चरण म्हणतात, त्यांचं पण तेच की.

हे मी एकदा बोलले तर एक जण चिडलेच, म्हणाले मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? अहो, अल्लाहने फुप्फुस सगळ्यांना एकच दिलंय, त्याला काय करायचं! फरक आहे तो कुणाचं नाव घेऊन बसलोय, कशासाठी बसलोय, त्यात आहे, आणि तो फरक मशीनवर दिसत नाही. दिसायला पण नको.

दुसरी गोष्ट पाठांतराची. हाफिज होणाऱ्या पोराचा दिवस तीन भागात असतो, नवीन पाठ म्हणजे सबक, गेल्या काही दिवसांतलं म्हणजे सबकी, आणि जुनं सगळं फिरवून घ्यायचं ती मंजिल. तीस पारे म्हणजे भाग, 114 सूरह, एवढं सगळं एका अनोळखी भाषेत डोक्यात बसवायचं आणि मरेपर्यंत फिरवत राहायचं, कारण सोडलं की जातं. 2016 साली जेम्स हार्टझेल आणि मंडळींनी भारतातल्या 21 वैदिक पंडितांचे मेंदू स्कॅन केले, लहानपणापासून वेद पाठ केलेले, आणि इतर 21 जणांशी ताडून बघितले तर पंडितांच्या मेंदूत काही भाग जास्त भरीव निघाले. त्याच्याही आधी 2000 साली लंडनच्या टॅक्सीवाल्यांचं आलं होतं, सगळ्या शहराचे रस्ते पाठ करून करून मेंदूतला जागा लक्षात ठेवणारा भाग मोठा झालेला. म्हणजे पाठांतराची सवय मेंदूवर उमटते असं दिसतंय, मग भाषा संस्कृत असो नाहीतर लंडनच्या गल्ल्या. बेळगाव-विजापूर पट्ट्यात हाफिजांची काही कमी नाही, कुठल्या तरी युनिव्हर्सिटीनं इथं येऊन नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. पण बघायच्या आधीच सिद्ध झालं म्हणून टाकू नका.

पेशंटवर पण अभ्यास झालेत, नाही असं नाही. बरेचसे इराणमधले, ऑपरेशनच्या आधी किंवा डायलिसिसच्या पेशंटला तिलावत ऐकवली आणि चिंता कमी झाली का ते मोजलं, पुष्कळ ठिकाणी कमी झाल्याचं आलं. चांगलंच आहे. पण पेशंट स्वतः मुस्लिम, आवाज लहानपणापासून कानात बसलेला, आईच्या तोंडून ऐकलेला, आणि आपल्याला काय ऐकवायलेत हे त्याला माहीत. साध्या गोळीची परीक्षा घेताना खरी कुठली आणि नकली कुठली हे पेशंटला कळू देत नाहीत, इथं ते लपवणार कसं? शिवाय ऑपरेशनच्या आधीची धडधड वेगळी आणि महिनोन्महिने अंथरुणातनं उठू न देणारं डिप्रेशन वेगळं. पहिल्याचा निकाल दुसऱ्याला चिकटवायचा नसतो.

आणि तो डच मानसशास्त्रज्ञाचा मेसेज! 'अल्लाह' म्हणताना पहिल्या अक्षरानं श्वास मोकळा होतो, लामला जीभ टाळूला लागून शरीर सैल पडतं, शेवटच्या अक्षराला फुप्फुस आणि हृदय जोडलं जातं, असं कुण्या व्हॅन डर होवेननं शोधून काढलं म्हणून वर्षानुवर्षं फिरायलंय. त्याच्यासोबत कुठल्या जर्नलचं नाव नाही, वर्ष नाही, किती पेशंट, कुठलं हॉस्पिटल, काही नाही. तसंच ते जपानच्या मासारू इमोटोचं, पाण्यावर चांगले शब्द बोलले की स्फटिक सुंदर होतात म्हणे. त्याच्यावर आमच्याकडं आयती जोडतात आणि शेजारच्या गल्लीत मंत्र जोडतात, फोटो दोन्हीकडं सेम! शास्त्रज्ञांनी त्या प्रयोगाला कधीच मान्यता दिली नाही. मला हसू येतं आणि वाईट पण वाटतं, कारण चौदाशे वर्षं ज्या किताबीसमोर माणसं रडत आलीत तिला आता खरं ठरवायला एका डच माणसाची सही लागायलीय.

बरं, तिलावतीनं मन शांत होतं एवढंच म्हणणं हे पण अर्धवट आहे. सूरह रअदमध्ये आहे, अल्लाहच्या जिक्रनं म्हणजे नामस्मरणानं काळजाला सुकून मिळतो, ही आयत आमच्या निम्म्या घरांत फ्रेम करून लावलेली असते. पण सूरह जुमरमध्ये क्रम सांगितलाय, आधी अंगावर काटा येतो आणि मग कातडी आणि काळीज नरम पडतं. आधी काटा! सूरह जिलजाल पढून बघा, जमीन हादरणार, पोटातलं सगळं बाहेर टाकणार, कणभर चांगलं आणि कणभर वाईट केलेलं पण दिसणार. ते पढताना शांत वाटलं तर काहीतरी चुकतंय म्हणायचं. बुखारीमध्ये हदीस म्हणजे पैगंबरांची आठवण आहे, हुजूर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांचे साथीदार इब्ने मसऊद यांना सांगितलं की मला कुरआन पढून ऐकव, ते म्हणाले तुमच्यावरच तर उतरलाय, मी तुम्हाला ऐकवू? तर हुजूर म्हणाले मला दुसऱ्याकडून ऐकायला आवडतं. इब्ने मसऊद पढत पढत सूरह निसाच्या एका आयतीवर आले, जिथं प्रत्येक उम्मतीमधून म्हणजे लोकसमूहातनं साक्षीदार आणला जाईल असं आहे, तिथं हुजूर म्हणाले आता पुरे, आणि बघितलं तर डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. याला रिलॅक्सेशन म्हणायचं का?

माझे अब्बा कॅसेटवर मिसरच्या म्हणजे इजिप्तच्या कारी (तिलावत करणारे) अब्दुल बासित यांची तिलावत लावायचे. 1927 ते 1988 एवढंच आयुष्य, पण दम असा की आपलाच जीव घुसमटावा, माणूस श्वास कधी घेणार म्हणून. अब्बांना अरबीचा एक शब्द कळत नव्हता. आम्हाला पण नाही, पढता येतं, कळत नाही, सीमाभागातल्या बहुतेक मुस्लिम घरात हेच आहे. मराठीत तर्जुमा म्हणजे भाषांतर वाचायला लागले ते मी कॉलेजात गेल्यावर, आणि तेव्हापासून तीच सूरह वेगळीच लागते. पण आधी जे लागत होतं ते खोटं होतं असं मला म्हणवत नाही. त्यात अब्बांचा आवाज होता, फजरचा म्हणजे पहाटेच्या नमाजच्या वेळचा थंडपणा होता, बाहेर विडी कामगार बायांची लगबग सुरू झालेली असायची, ते सगळं त्या आवाजाला चिकटलंय. सूरह रहमानमध्ये एकच आयत 31 वेळा येते, 'तुम्ही तुमच्या रबच्या कुठल्या कुठल्या नेमती (देणग्या) नाकारणार', ती परत परत आली की अर्थ न कळणारा पण तिची वाट बघायला लागतो. मनावर परिणाम म्हणतात तो असा जमत जमत येतो, वर्षानुवर्षं. तो यूट्यूबवर 'आठ तास, काळा स्क्रीन' लावून रात्रीत मागवता येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुमच्या लेखानंतर आमच्या काउंटरवर काय झालं ते सांगते. एक बाई येतात, मिस्टरांच्या डिप्रेशनच्या गोळ्या न्यायला, कधी चुकत नाहीत. या वेळी आल्याच नाहीत. रस्त्यात भेटल्या तर म्हणाल्या आता बंद केल्या, सकाळ-संध्याकाळ सूरह रहमान लावतो, पेपरात पण आलंय ना. मी काय बोलणार? डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांना गुण यायलाच दोन-चार आठवडे लागतात, लोक आठवडाभर खाऊन काही होईना म्हणून सोडतात, किंवा बरं वाटलं म्हणून सोडतात, दोन्ही धोक्याचं. एकदम सोडलं की चक्कर, झोप उडणं, बेचैनी, आणि मग घरचे म्हणतात बघ गोळीची सवय लागली होती, नशा होती ती. फिट्सच्या गोळीचं तर विचारूच नका, ती अचानक बंद केली की जिवावर बेतू शकतं. आणि उलट पण होतं, गोळीचा गुण यायची वेळ आणि कुणीतरी पाणी दम करून म्हणजे आयती पढून, फुंकर मारून द्यायची वेळ एकच पडली की सगळं श्रेय पाण्याला! गोळी बिचारी फुकट बदनाम.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो 'ईमान कमजोर आहे म्हणून डिप्रेशन येतं, नमाज-तिलावत करणाऱ्याला येत नाही' या बोलण्याचा. इमाम गजाली या जुन्या मोठ्या विद्वानांचं नाव न घेता आमच्याकडं एक बयान म्हणजे प्रवचन पूर्ण होत नाही, तिलावतीचे आतले आदाब म्हणजे रीत, मन हजर ठेवून, अर्थात बुडून कसं पढायचं, हे एहया उल उलूम या किताबीत त्यांनीच सविस्तर लिहिलंय. त्यांचं स्वतःचं काय झालं? 1095 साली बगदादच्या निजामिया मदरशात सगळ्यात मोठे उस्ताद, शेकडो विद्यार्थी समोर, आणि जीभच बंद पडली. शिकवायला तोंड उघडायचे तर शब्द येईना, घास उतरेना, अंगातली ताकद गेली. हकीमांनी हात टेकले, म्हणाले हे मनातनं शरीरात उतरलंय, मनावरचं ओझं हलकं झाल्याशिवाय इलाज नाही. हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यावरच्या किताबीत लिहून ठेवलंय, लपवलं नाही. शेवटी मदरसा, हुद्दा, मानपान सगळं सोडून निघून गेले. आता सांगा गजालींचं ईमान कमजोर होतं काय? गंमत म्हणजे त्याच 1095 साली शिकायला बगदादला पोचले तरुण अब्दुल कादिर जीलानी, म्हणजे आपले पीरानेपीर दस्तगीर, ज्यांच्या नावानं निपाणीत संत बाबा महाराज चव्हाणांनी सुरू केलेला उरूस भरतो आणि हिंदू-मुसलमान सगळे गलेफ म्हणजे चादर घेऊन जातात.

गजाली राहू द्या, कुरआनमध्येच हजरत याकूब आहेत. यूसुफच्या दुःखानं रडून रडून डोळे पांढरे पडले असं सूरह यूसुफमध्ये आहे. पैगंबर आहेत ते! त्यांना कुणी म्हटलं का, तुम्ही जिक्र कमी करता म्हणून असं होतंय?

अजून एक आजार आहे ज्यात तिलावतच अडकून बसते, आणि हे तुमच्या लेखकाला माहीत असायचं कारण नाही. आमच्यात वसवसा म्हणतात. पोरगी वुजू करायला म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुवायला बसते ती तासभर उठतच नाही, हात धुतलाच नाही असं वाटत राहतं, नमाजमध्ये फातिहाचा, म्हणजे कुरआनच्या पहिल्या सूरहचा, एक हर्फ चुकला म्हणून परत सुरू, परत चुकला, परत सुरू. घरचे कौतुकानं सांगतात किती नेक आहे, आणि ती आतनं झिजत असते. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, यावर गोळ्या आहेत आणि सराव पण करून घेतात, परत करायची घाई थोपवायचा. अशा पोरीला 'अजून जास्त पढ' सांगणं म्हणजे आगीत रॉकेल. आणि हे नवीन नाही हां, अबू जैद बल्खी म्हणून आलिम म्हणजे विद्वान होऊन गेले, 934 साली वारले, शरीर आणि मन दोघांच्या आरोग्यावर एकच किताब लिहिली आणि त्यात मनाच्या आजारात राग, भीती, उदासी यांच्याबरोबर वसवसा वेगळा काढून लिहिलाय. कैरोला 1284 साली सुलतान कलावूनचा दवाखाना उभा राहिला त्यात मनाच्या पेशंटना वेगळी जागा होती. म्हणजे ज्या जमान्याचं नाव घेऊन आमची मंडळी छाती फुगवतात त्या जमान्यात मशीद पण होती आणि दवाखाना पण होता, एकानं दुसऱ्याला हाकललं नव्हतं. हदीस पण साफ आहे, इलाज करा, अल्लाहनं दवा नसलेला आजार उतरवलाच नाही.

मी दम करण्याच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. मगरिबची नमाज सुटताना मशिदीच्या दारात बाळांना घेऊन बाया उभ्या असतात, त्यात कुंकू लावलेल्या पण असतात, नमाजी बाहेर पडताना फातिहा, सूरह फलक, सूरह नास पढून बाळावर फुंकर मारत जातात. कुणी पैसे मागत नाही. हे दृश्य आपल्या भागात अजून आहे आणि राहावं. ताप असेल तर त्याच बाया तिथनं सरळ दवाखान्यात जातात, त्यांना कुणी शिकवायला लागत नाही. शरीराच्या तापाला जे समजतं ते मनाच्या आजाराला का समजत नाही हाच तर प्रश्न आहे. मनाचं म्हटलं की जिन्न, सावट, करणी, आणि मग कुठं तरी नेऊन बांधून ठेवायचं. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे आग लागली, दर्ग्याच्या आसऱ्यानं चालवलेल्या एका शेडमध्ये पेशंट साखळीनं बांधलेले होते, पळता आलं नाही, 28 जीव गेले. त्यानंतर 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आला, त्यात साखळीनं बांधायला सरळ बंदी आहे. पण कायदा आपल्या खेड्यात कुणाला माहीत? हिंदूंच्या देवळात पण हेच चालतं, मी फक्त आमच्यांचंच उणं काढायलेय असं नाही.

डॉक्टर लोकांचं पण एक सांगायला पाहिजे. बुरखा दिसला की काही जण समजावून सांगायचंच सोडून देतात. माझ्या ओळखीतल्या एकीनं विचारलं रमजानमध्ये गोळी कशी घेऊ, तर उत्तर मिळालं रोजे धरू नका, विषय संपला. बाई घरी आली आणि गोळीच सोडली, रोजे नाही सोडले. नीट विचारलं असतं तर बऱ्याच गोळ्या संध्याकाळच्या इफ्तारला किंवा पहाटेच्या सहेरीला बसवता येतात, दिवसातनं एकदाची असेल तर अजून सोपं. काहींचं मात्र खरंच अवघड आहे, मनाच्या आजारावरचं लिथियम चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय रोजे धरायचेच नाहीत, अंगात पाणी कमी पडलं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. हे पाच मिनिटं बसून सांगितलं तर पेशंट ऐकतो. आजारी माणसाला रोजाची सूट सूरह बकरामध्येच दिलेली आहे, ते सांगायला मौलाना साहेबांनी मदत करावी. आमच्या भागातले एक पेशइमाम म्हणजे नमाज पढवणारे करतात, माणूस दम करून घ्यायला आला की आधी विचारतात डॉक्टरला दाखवलंय का, चिठ्ठी बघतात, मग पढून फुंकतात आणि वर सांगतात गोळी बिस्मिल्लाह म्हणून घे. यापेक्षा जास्त काय पाहिजे.

तेव्हा साहेब, एक तर त्या लेखाच्या लेखकाला विचारा की डीएनए बदलल्याचा अभ्यास कुणी, कुठं, कधी केला, आणि उत्तर आलं तर छापा, नाही आलं तर तसं पण छापा, त्याच पानावर, शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात नको. उद्या कुणी अग्निहोत्रानं कॅन्सर जातो म्हणून लेख पाठवला तर त्याला पण हाच नियम लावा. आध्यात्मिक पुरवणी आहे म्हणून औषधाबद्दल काहीही चालतं असं नाही ना.

दुसरं, तिलावतीवर लिहायचंच असेल तर आमच्याकडं या. एखाद्या हाफिजाला त्याची मंजिल कशी चालते ते विचारा, एखाद्या उस्तादाला दोन हे मधला फरक करून दाखवायला सांगा, तुमच्या रिपोर्टरला स्वतः म्हणून बघू दे, घसा दुखेल जरा. हे सगळं आपल्या शेजारी चालतं आणि वाचायला मिळतं ते मात्र फ्रिक्वेन्सी.

तिसरं, रमजानमध्ये तुम्ही सहेरी-इफ्तारचं टाइमटेबल रोज छापता, आमच्या घरात तेच कापून फ्रिजला लावतात. त्याच्या खाली एक ओळ वाढवा, टेलि-मानस, 14416, मनाच्या आजारासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फोन फुकट, चोवीस तास, आणि कन्नड येत नाही म्हणून घाबरू नका, दुसऱ्या भाषेतनं पण बोलता येतं. सोबत धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेचा म्हणजे डिमहान्सचा पत्ता आणि ओपीडीची वेळ टाका, आपल्या जिल्ह्यातनं लोक जातात तिकडं पण चोरून जातात, लग्नाला चाललोय म्हणून सांगून. जागा कमी पडत असेल तर त्या टाइमटेबलच्या बाजूला वशीकरणवाल्या बाबाची जाहिरात असते, ती काढा.

आपली,
एक वाचक, निपाणी